बोटीवर गेलेल्यांची नावं

कडावला समुद्र नाही. भातखाचरं आहेत, डोंगर आहेत, बाल दिगंबर गणपतीचं देऊळ आहे. मुंबईचा समुद्र कर्जतहून लोकलने दोन तासांवर. तरीही कर्जत-खालापूरकडच्या कोकणी मुसलमान घरांत जुन्या माणसांचा विषय निघाला की एक वाक्य कानावर पडतं, "ते बोटीवर होते." बोटीवर होते म्हणजे मासेमारीच्या होडीवर नव्हे. कंपनीच्या आगबोटीवर, परदेशी, वर्ष-दोन वर्षं घराबाहेर. कुणी सारंग होतं, कुणी तांडेल, कुणी भंडारी, आणि बहुतेक जण साधे खलाशी.

रमजानमध्ये घरातल्या मरहूम, म्हणजे दिवंगत माणसांची नावं घेऊन दुआ मागण्याचा रिवाज आहे. कुराणाचं वाचन पूर्ण झालं की त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, त्यांना पोहोचावं अशी प्रार्थना केली जाते. हिंदू घरांत पितृपक्षात पूर्वजांची नावं घेतात, त्यामागची भावना फार वेगळी नसावी. नाव घेतलं नाही तर माणूस राहून गेला, असं दोन्हीकडे वाटतं.

आमच्या घरच्या यादीत एका नावापाशी थोरांचा आवाज खाली यायचा. ते नाव माझ्या दादीच्या वडिलांचं. दादीचं माहेर बाणकोट खाडीकाठचं, लग्न होऊन ती कडावला आली. तिचे वडील पहिल्या महायुद्धाच्या काळात बोटीवर गेले ते परत आले नाहीत. कंपनीचा कागद आला नाही, की आला आणि कुणाला वाचता आला नाही, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. उरला तो एक शब्द, "कारडीप". त्यांचं शेवटचं खत तिथून आलं होतं म्हणे. पुढे खाडीकाठच्या गावात दोन गोष्टी पसरल्या. एक, बोट बुडाली. दुसरी, तिकडेच गोऱ्या बाईशी लग्न करून राहिले आणि इकडच्या बायको-मुलीला विसरले. दादीची आई पुढची सारी वर्षं या दोन गोष्टींच्या मधे राहिली. तिला ना विधवेची इद्दत पाळता आली, ना नवऱ्याची वाट पाहणं सोडता आलं. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर मुस्लिम पत्नीला कोर्टातून विवाह संपवून घेता येतो, हा कायदा झाला १९३९ साली. तोवर तिचं अर्धं आयुष्य सरलं होतं.

म्हणून आमच्यासाठी हा शोध घराण्याच्या मोठेपणाचा नाही. एका माणसाने दगा दिला की तो समुद्रात गेला, एवढंच विचारायचं आहे.

कारडीप म्हणजे कार्डिफ

कारडीप म्हणजे ब्रिटनच्या पश्चिमेला असलेल्या वेल्स प्रांताचं बंदर, कार्डिफ. आज ती वेल्सची राजधानी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते जगातल्या कोळशाच्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं. पाठीमागच्या ऱ्होंडा आणि आसपासच्या खोऱ्यांतून निघणारा कोळसा खूप उष्णता देई आणि धूर कमी करी, म्हणून आगबोटींचे मालक आणि ब्रिटिश आरमार तोच मागत. कार्डिफला ब्यूट घराण्याने पहिली मोठी गोदी १८३९ मध्ये बांधली. ती अपुरी पडू लागली तेव्हा जवळच बॅरी इथे १८८९ मध्ये नवी गोदी सुरू झाली. १९१३ साली या दोन बंदरांतून मिळून दोन कोटी टनांहून अधिक कोळसा जगभर गेला. न्यूपोर्ट आणि स्वान्झी ही त्याच किनाऱ्यावरची आणखी दोन बंदरं.

हा कोळसा एडनला जाई, कोलंबोला जाई आणि मुंबईलाही येई. जिथे जिथे ब्रिटिश आगबोटी थांबत, तिथे तिथे त्याचे ढीग रचलेले असत. बंगालचा कोळसा पश्चिम किनाऱ्यावर पुरेसा येऊ लागला नव्हता, तेव्हा मुंबईच्या आगबोटी आणि रेल्वेची इंजिनं विलायती कोळशावर चालत. आपल्या भागात रेल्वे आली ती याच दिवसांत. १८५६ साली रूळ पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोहोचले आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून पलीकडे गेले. घाटाखाली इंजिनात पडणारा कोळसा आणि बोटीच्या भट्टीत पडणारा कोळसा एकाच धक्क्यावर उतरलेला असे.

त्याच रेल्वेने डोंगराआडच्या गावांना मसजिद बंदर जवळ आणलं. किनाऱ्यावरचे लोक पडावाने मुंबईला जात, आतल्या गावांतले गाडीने. कोकणी मुसलमानांची सोयरीक महाड-माणगावपासून पनवेल-कर्जतपर्यंत पसरलेली. एका घरातला माणूस बोटीवर लागला की मेहुणा, भाचा, शेजारी यांना तो ओढून नेई. समुद्र न पाहिलेली माणसं खलाशी झाली ती अशी.

आगबोटीवरचं गाव

ब्रिटिश जहाजांवरच्या भारतीय खलाशांना इंग्रज "लास्कर" म्हणत. मूळ शब्द फारसी "लश्कर", म्हणजे फौज. १९१४ मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे ५१ हजार लोक होते, म्हणजे दर सहा खलाशांतला जवळपास एक. डेकवर रत्नागिरी-कुलाब्याचे कोकणी, कच्छ-काठियावाडचे खारवी. भट्टीपाशी कोळसा ओढायला मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर बहुधा पंजाब आणि सरहद्दीकडचे, तर कलकत्त्याहून सुटणाऱ्यांवर सिल्हेटचे. स्वयंपाक आणि प्रवाशांची सरबराई गोव्याच्या ख्रिस्ती लोकांकडे. एका बोटीवर तीन-चार धर्म, पाच-सहा भाषा.

या सर्वांची मिळून एक बोली होती. तिच्यात फारसी, पोर्तुगीज, मराठी, गुजराती, मल्याळी सगळं मिसळलेलं. शीड किंवा दोर खाली सोडायचा हुकूम "आरिया", तो पोर्तुगीजांकडून आला. सारंग हा शब्द फारसी "सरहंग"वरून आला. ही बोली साहेबांना शिकावी लागे, म्हणून टॉमस रोबक नावाच्या अधिकाऱ्याने १८११ सालीच तिचा इंग्रजी-हिंदुस्तानी कोश छापला. कॉलेजात भाषा शिकवताना मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, शब्द पुस्तकातूनच येतात असं नाही, ते दोरखंडाला धरूनही येतात. आपल्या आडनावांत तर ते आजही आहेत. सारंग, तांडेल, नाखवा, नाखुदा ही आडनावं मुसलमानांत सापडतात, आणि यांतली काही हिंदू कोळी-खारव्यांतही.

भरती सारंगाच्या हातात असे. तो आपल्या गावचे, नात्यातले लोक घेई, त्यांच्या वागण्याची हमी देई आणि बदल्यात त्यांच्या पगारातला वाटा घेई. काम नसलेल्या दिवसांत खलाशी मुंबईत गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोल्यांत राहत. गोवेकरांच्या अशा घरांना "कूड" म्हणतात. कोकणी मुसलमानांच्या गावजमातींच्या खोल्या डोंगरी-मसजिद बंदरच्या बाजूला असत. कुणी बोटीवर गेला की त्याची पेटी, त्याचे निरोप, कधी पैसे याच खोलीत सांभाळले जात.

पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतका. झोपायच्या जागेचाही हिशेब ठरलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश कायद्याने गोऱ्या खलाशाला किमान ७२ घनफूट जागा द्यायला सांगितली होती, भारतीय कायद्याने भारतीय खलाशाला ३६. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच, म्हणजे ३६ घनफूट. कबरीचं माप याहून फार वेगळं नसतं.

१९१५ चा रमजान

पूर्वज शोधणाऱ्यांच्या दृष्टीने १९१५ हे साल महत्त्वाचं आहे. त्याचं कारण पुढे येईलच. त्या वर्षी रमजान जुलैच्या मध्यावर सुरू झाला. वेल्स आपल्यापेक्षा खूप उत्तरेला, त्यामुळे तिथला उन्हाळ्यातला दिवस फार लांब. जुलैत कार्डिफला सूर्य मावळतो त्यांच्या घड्याळाने रात्री सव्वाआठच्या पुढे, आणि पहाटेची चाहूल मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात लागते. म्हणजे रोजा अठरा तासांच्याही वर. हातात फावडं, समोर भट्टी किंवा कोळशाची धूळ.

इस्लामने मुसाफिराला रोज्याची सूट दिली आहे. प्रवासात सुटलेले रोजे नंतर भरून काढता येतात, त्याला कजा म्हणतात. पण खलाशाचं घरच प्रवासात असतं. तो कजा कधी करणार? वर्षभराचा करार संपवून घरी आला की पावसाळ्याची शेतीची कामं उभी असत. म्हणून काही जण बोटीवरच रोजे धरत, काही जण बंदरात असताना धरत. इफ्तारला खजूर मिळेलच असं नव्हतं. भंडाऱ्याने राखून ठेवलेल्या डाळ-भातावर रोजा सोडायचा.

समुद्रात मरण आलं आणि किनारा दूर असला तर गुस्ल, म्हणजे अंघोळ घालून, कफन बांधून, जनाजाची नमाज पढून प्रेत पाण्यात सोडायची मुभा शरीयतमध्ये आहे. बुडून मरणाऱ्याला हदीसमध्ये शहीदाचा दर्जा दिला आहे. खाडीकाठच्या घरांत बायका या गोष्टीचा मोठा आधार घेत. पण त्यासाठी आधी बुडाल्याची खात्री हवी.

शोध कसा घ्यावा

आता मुद्द्याचं. एखाद्या वाचकाच्या घरातही "बोटीवर होते" असं कुणी असेल, तर त्यांचा माग काढता येतो का? येतो. पण सुरुवात लंडनहून नव्हे, घरातून करायची.

पहिली गोष्ट, आडनाव विसरायचं. त्या काळच्या जहाजी कागदांत आपल्या माणसांची आडनावं फारशी नसतात. माणसाचं नाव आणि वडिलांचं नाव, एवढ्यावर काम चाले. हिंदू खलाशांचंही तसंच, "राघो", "धर्मा" आणि पुढे बापाचं नाव. म्हणून घरातल्या सर्वांत वयस्क माणसाकडून पाच गोष्टी लिहून घ्यायच्या: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, जन्माचं गाव (आज राहतो ते नव्हे), बोटीवरचं काम, आणि कानावर आलेलं कुठल्याही बोटीचं किंवा बंदराचं नाव, मग ते कितीही मोडकंतोडकं असो. आमच्याकडचं "कारडीप" असंच मोडकं होतं. एका स्नेह्यांच्या घरी "किलान कंपनी" म्हणतात. ती ग्लासगोची क्लॅन लाइन.

दुसरी गोष्ट, पेटी उघडायची. जुन्या पेटीत सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही सापडली तर अर्धं काम झालं. तिच्यात प्रत्येक बोटीचं नाव, चढल्याची आणि उतरल्याची तारीख, हुद्दा आणि वर्तणुकीचा शेरा असतो. उर्दूत लिहिलेली खतंही जपून ठेवावीत. घरात ती वाचणारं कुणी नसेल म्हणून ती रद्दीत जातात. गावातल्या मौलानांकडे किंवा उर्दू शाळेतल्या मास्तरांकडे नेली तर तासाभरात वाचून मिळतात.

तिसरी गोष्ट, जहाजांच्या खलाशी-याद्या. ब्रिटिश जहाजाने सफर संपवली की कप्तानाला खलाशांची यादी सरकारात जमा करावी लागे. नाव, वय, जन्मगाव, हुद्दा, आधीची बोट, चढल्या-उतरल्याची जागा. या याद्यांचा मोठा भाग आज कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहे. दहा टक्के नमुना लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पाचावर संपणाऱ्या वर्षांच्या याद्या ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे आहेत. त्यांपैकी १९१५ च्या सगळ्या याद्या स्वयंसेवकांनी हाताने उतरवून इंटरनेटवर मोफत शोधता येतील अशा केल्या आहेत. त्यात लाखो नावं आहेत. नावाने शोधता येतं, जन्मगावाने शोधता येतं आणि जहाजाने शोधता येतं. कार्डिफमध्येच नोंदलेल्या जहाजांच्या १८६३ ते १९१३ पर्यंतच्या याद्या तिथल्या ग्लॅमॉर्गन अभिलेखागारात आहेत.

शोधताना कारकुनाच्या कानाने ऐकायला शिकावं लागतं. त्याने आपलं नाव कसं ऐकलं असेल? इब्राहिमचा "एब्राम", इस्माईलचा "एस्माल", हुसेनचा "हूसन", महंमदची तर दहा रूपं. रत्नागिरीचं "रुटनाघेरी". गावाऐवजी कधी तालुका, कधी जिल्हा, कधी नुसतं "बॉम्बे". म्हणून आधी जन्मगावाने शोधावं, निरनिराळी स्पेलिंगं टाकून, आणि मग नावांवरून नजर फिरवावी. एकाच बोटीवर एकाच खाडीकाठची आठ-दहा नावं एकाखाली एक दिसली की ओळखावं, हा एका सारंगाने जमवलेला ताफा. आपला माणूस सापडला नाही तरी त्याचा शेजारी सापडतो, आणि शेजाऱ्याच्या मागोमाग पुष्कळदा आपलाही.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. मुंबईत करार करून चढलेल्या भारतीय खलाशांची नोंद बरेचदा वेगळ्या आशियाई करारपत्रावर होई आणि ती कागदपत्रं परत मुंबईच्या शिपिंग ऑफिसात येत. त्यामुळे लंडनच्या यादीत कधी कधी फक्त गोरे अधिकारी दिसतात. त्यावरून आपला माणूस त्या बोटीवर नव्हता असं समजू नये.

मसजिद बंदरची यादी

चौथी जागा फार जवळ आहे. मुंबईत मसजिद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. रॉयल इंडियन मरीन आणि व्यापारी जहाजांवरच्या २ हजारांहून अधिक लोकांची आठवण तिथे जपली आहे. यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांच्या नावांचे ग्रंथ मुंबईत आणि चितगावमध्ये ठेवले आहेत. त्यात व्यापारी जहाजांवरचेच सुमारे ६ हजार आहेत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे एकाच यादीत, अक्षरानुक्रमाने.

ही नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरही शोधता येतात. नावापुढे हुद्दा, बोटीचं नाव, मृत्यूची तारीख असते. कित्येक नोंदींत वडिलांचं, पत्नीचं आणि गावाचं नावही असतं. बोटीच्या नावापुढे कंसात तिचं नोंदणीचं बंदर येतं. तिथे कार्डिफ, ग्लासगो, लिव्हरपूल असं काही दिसलं की मोडक्या शब्दांचे अर्थ लागू लागतात. पहिल्या महायुद्धात एकूण ३ हजार ४०० हून अधिक भारतीय खलाशी मेले आणि सुमारे १ हजार २०० कैद झाले. १९१७ च्या फेब्रुवारीत जर्मनीने पाणबुड्यांना दिसेल त्या जहाजावर हल्ला करायची मोकळीक दिली, तेव्हा वेल्सचा किनारा आणि आयर्लंडच्या बाजूचा समुद्र त्यांची शिकारीची जागा बनला. त्या किनाऱ्यालगत बुडालेल्या जहाजांचे सांगाडे बँगर विद्यापीठाच्या संशोधकांनी अलीकडे ध्वनिलहरींनी मोजून त्यांचे नकाशे केले आहेत.

जे तिकडे राहिले

खाडीकाठच्या गावातली दुसरी गोष्टही अशक्य कोटीतली नव्हती. कार्डिफच्या गोदीलगत ब्यूटटाउन नावाचा मोहल्ला आहे. येमेनी, सोमाली, वेस्ट इंडियन आणि भारतीय खलाशी तिथे राहिले, काहींनी वेल्श मुलींशी लग्नं केली. त्यांचं आयुष्य सुखाचं होतं असं समजायचं कारण नाही. युद्ध संपल्यावर कामं आटली आणि १९१९ च्या जूनमध्ये कार्डिफ, न्यूपोर्ट आणि बॅरीत काळ्या-सावळ्या खलाशांवर जमावांनी हल्ले केले, घरं फोडली, माणसं मेली. १९२५ मध्ये सरकारने परदेशी "रंगीत" खलाशांना पोलिसांत नोंद करायची सक्ती केली. कार्डिफच्या पोलिसांनी ती ब्रिटिश प्रजाजन असलेल्या भारतीयांवरही लादली. ज्याच्यासाठी युद्धात कोळसा ओढला, त्या देशात तो परका ठरला. अशा माणसाने घरी खत का लिहिलं नसेल, याचं उत्तर प्रत्येक वेळी बेइमानी असेलच असं नाही. लाज हेही उत्तर असू शकतं, आणि रिकामा खिसाही.

या मोहल्ल्यात १९४० च्या दशकात पील स्ट्रीटवर मशीद उभी राहिली, ती मुख्यतः येमेनी खलाशांच्या पुढाकाराने. अशा घरांतली नातवंडं-पतवंडं आज तिकडून आपले आजे-पणजे शोधत आहेत. त्यांच्या हाती आडनावासारखं लावलेलं एक "अली" किंवा "अहमद" आहे आणि गाव नाही. आपल्या हाती गाव आहे आणि शेवट नाही.

वेल्सच्या लोकांना हा शोध नवा नाही. त्यांच्याकडेही बापाच्या नावावरून ओळख सांगायची पद्धत होती. "अप" म्हणजे मुलगा, जसं आपल्याकडे "बिन" किंवा "वल्द". पुढे कायमची आडनावं रूढ झाली तेव्हा गावंच्या गावं जोन्स आणि डेव्हिस झाली, आणि कुठला जोन्स ते कळायला त्याचा धंदा किंवा शेताचं नाव जोडावं लागलं. त्यांचे पूर्वजही किनाऱ्यालगतच्या पाटीच्या दगडाच्या आणि कोळशाच्या जहाजांवर राबले. ॲबरिस्टविथला नोंदलेल्या जहाजांच्या याद्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्या स्वयंसेवकांनी बसून एकेक नाव करत उतरवून काढल्या. पेम्ब्रोकशायर किनाऱ्यावरच्या अँगल नावाच्या खेड्याने तर परक्यांचीही आठवण ठेवली. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये "हिरानो मारू" हे जपानी जहाज टॉर्पेडोने बुडालं. किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांपैकी काही गावच्या चर्चच्या आवारात पुरली गेली. तिथली लाकडी खूण कुजून गेली होती, तर शंभर वर्षं पुरी झाल्यावर, २०१८ मध्ये, तिथे नवं स्मारक उभं राहिलं.

तीन नावं

आमच्या शोधाचं काय झालं, हे वाचक विचारतीलच. दादीच्या वडिलांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव, दोन्ही जुळणाऱ्या तीन नोंदी सापडल्या. तिघेही युद्धात गेलेले, तिघेही खलाशी, वेगवेगळ्या बोटींवरचे. एकाचं गाव लिहिलेलं नाही, एकाचं नुसतंच रत्नागिरी, तिसऱ्याचं गाव असं काही लिहिलंय की ते आमच्या खाडीकाठचंही असू शकतं आणि नसूही शकतं. मोठ्या फुफूंना, म्हणजे आत्यांना, मी तिन्ही नोंदी वाचून दाखवल्या. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिघांचीही नावं एकच ना? मग दुआ तिघांनाही पोहोचेल. त्या दोघांसाठी कोण मागत असेल कुणाला ठाऊक."

तेव्हापासून आमच्या घरी त्या नावापाशी आवाज खाली येत नाही. पुराव्याच्या दृष्टीने हे उत्तर अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं शोधायचं काम चालू आहे. मुंबईच्या काळा घोडा इथल्या राज्य पुराभिलेखागारातली दप्तरं अजून पाहायची आहेत, गावजमातीच्या जुन्या वह्या उघडायच्या आहेत. पण निदान इतकं झालं की "दगा दिला" हे आता कुणी खात्रीने म्हणू शकत नाही. दादीच्या आईला हे ऐकायला मिळालं असतं तर, असं मनात येतं.

आपल्या कर्जत-खालापूर भागात अशी किती घरं असतील? मुसलमानांचीच असं नाही. रेल्वेत, गोदीत, बोटीवर गेलेली माणसं सगळ्याच समाजांत आहेत, आणि बोटीच्या यादीत ती शेजारी शेजारीच सापडतात. वेल्समध्ये निवृत्त शिक्षक आणि हौशी लोकांनी जे केलं, ते आपल्या कॉलेजच्या मुलामुलींना सहज जमेल. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करता येतो, जुन्या वहीचा फोटो काढता येतो, आणि मुलांचं इंग्रजी त्या याद्या वाचण्याइतकं नक्कीच आहे. लागतो तो वेळ, आणि सांगणारं माणूस हयात असणं.

ईदला घरात माणसं जमतील. मुंबईहून, पुण्याहून, आखातातून मुलं येतील. शीरखुर्म्याची वाटी हातात असताना सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसावं आणि पाच गोष्टी विचाराव्यात. नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव, काम, आणि ऐकलेलं एखादं बंदर. वाचकांपैकी ज्यांच्याकडे ईद नाही, त्यांनी पुढच्या सणाची वाट पाहू नये. कागद-पेन घरात आहे आणि आजी ओट्यावर बसलेली आहे.